माझी चिकटवलेली पानं

मी बोलतेय ती एक कादंबरी. निळं कव्हर, त्यावर पूल, पुलावर पाठमोरी उभी असलेली एक मुलगी, एकूण पानं दोनशे शहाण्णव. आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे. पुस्तकाने गुमान कपाटात उभं राहावं आणि धूळ खावी अशी तुमची अपेक्षा असेल, तर शेजारच्या स्वयंपाकाच्या पुस्तकाकडे जा. ते फार समंजस आहे.

माझा प्रकार तुम्हाला माहीत असेल. ख्रिस्ती प्रेमकथा आणि सोबत रहस्य. माझ्यात शिवी नाही, दारू पिऊन धिंगाणा नाही, आणि अंथरूण आहे ते फक्त आजारी माणसासाठी. नायक नायिकेचा हात पहिल्यांदा धरतो तो एकशे सत्तेचाळिसाव्या पानावर, आणि तोही ती घसरत होती म्हणून. चुंबन एकच, शेवटून दुसऱ्या पानावर, लग्न लागल्यानंतर, सगळ्या मंडळीसमोर, पाळकसाहेब शेजारी उभे असताना. इतक्या सभ्य पुस्तकाची अब्रू कोणी घालवू शकेल असं वाटतं तुम्हाला? घालवली. गोंदाच्या एका बाटलीने घालवली.

शिकलेसवरलेले लोक आम्हाला नाक मुरडतात. "असल्या पुस्तकांचा शेवट आधीच ठाऊक असतो," म्हणतात. अहो, शेवट चांगला होणार हे ठाऊक असतं म्हणूनच तर माणूस मधल्या अंधारात पाय टाकायला धजतो. दिवसभर उभं राहून कंबर मोडलेल्या बाईला संध्याकाळी कोणीतरी सांगायला हवं की खोटं उघडं पडेल आणि खरा माणूस दारात येऊन उभा राहील. यात हसण्यासारखं काय आहे ते मला कोणी समजावून सांगावं.

माझी लेखिका दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायची. दोन नावांच्या मधे जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात लिहायची. गोष्ट अशी की, डोंगरातल्या एका गावात नदीवर पूल आहे आणि त्या पुलाचे बोल्ट कोणीतरी सैल करतंय. त्यात नायिकेचा भाऊ जातो. पूल तपासायला एक अबोल इंजिनिअर येतो, तो नायक. गुन्हेगार कोण ते मी सांगणार नाही. तुम्ही वाचलेलं नाही ना मला? मग नाव काढू नका.

दोनशे बारा आणि दोनशे तेरा ही समोरासमोरची दोन पानं लिहिताना मात्र लेखिका आठवडाभर कामावर गेली नाही. तिचा स्वतःचा भाऊ त्याच वर्षी गेला होता. ती पानं तिने सात वेळा लिहून फाडली आणि आठव्यांदा ठेवली. कव्हरवर हे कुठे छापलेलं नाही, पण आपण कशातून जन्मलो ते पुस्तकाला ठाऊक असतं.

छापून, शिवून, कापून झाल्यावर मी चर्चच्या मागच्या खोलीतल्या वाचनालयात आले. तिथे माझी गाठ शिक्केबाईंशी पडली. उभा जन्म त्यांनी शाळेच्या कचेरीत शिक्के मारले, आणि निवृत्तीनंतर शिक्क्याची सवय वाचनालयात घेऊन आल्या. पहिल्या पानावर शिक्का, मधल्या पानावर शिक्का, शेवटच्या पानावर शिक्का. इथवर मी काही बोलले नाही.

पण त्यांचा एक नियम होता. नवीन कादंबरी आधी त्या स्वतः वाचणार, आणि मंडळीच्या डोळ्यांना नको असं काही सापडलं तर त्याचा बंदोबस्त करणार. पान कापायच्या नाहीत, काळी शाई फासायच्या नाहीत. "पुस्तक कापणं म्हणजे पाप," असं त्या छातीवर हात ठेवून सांगायच्या. त्या समोरासमोरच्या दोन पानांना ब्रशने गोंद लावायच्या, दोन्ही एकमेकांवर दाबायच्या आणि वर गाण्यांच्या पुस्तकांचा गठ्ठा ठेवून द्यायच्या. म्हणजे पुस्तक शाबूत आणि मजकूर कायमचा बंद. सभ्यतेची राखण करणारी बाई दोन पानांची तोंडं जन्मभरासाठी एकमेकांना चिकटवते, हे तिच्या लक्षात कसं येत नव्हतं कोण जाणे!

माझी दोनशे बारा आणि दोनशे तेरा चिकटवली. दोनशे अकरा संपलं की थेट दोनशे चौदा. नायिका पुलाच्या टोकाशी रडत उभी असते, आणि पान उलटलं की ती कोरड्या डोळ्यांनी ठाणेदाराला गुन्हेगाराचं नाव सांगत असते. मधे काय घडलं, तिला कसं कळलं, काही पत्ता नाही.

आणि मग सुरू झाली माझी बदनामी. चिकटवलेली पानं म्हणजे काय असणार, असं लोक डोळे मिचकावत म्हणायचे. समूहगानाच्या सरावाला येणारे दोन बाप्ये मला खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरायचे. "दिसतंय का रे काही?" "पुसट दिसतंय. ओला कोट असं काहीतरी आहे." "ओला कोट? म्हणजे काढला असणार!" आणि खी खी खी. अरे मेल्यांनो, पावसात भिजली होती ती! भाऊ बुडाला होता तिचा!

नवीन लग्न झालेल्या मुली मला पदराआड लपवून घरी न्यायच्या आणि चार दिवसांत हिरमुसून परत आणायच्या. एका सद्गृहस्थांनी तर असली पुस्तकं चर्चच्या आवारात कशाला म्हणून पाळकसाहेबांकडे तक्रार केली. वाचलं होतं का त्यांनी मला? एक ओळ नाही. करून सवरून गोंद नामानिराळा आणि कलंक माझ्या माथी.

वाचनालयात मला आवडणारं एकच माणूस होतं, घड्याळवाले काका. रहस्यकथा हातात आली की चाळिसाव्या पानापर्यंत वाचायचं आणि तिथल्या समासात पेन्सिलीने गुन्हेगाराचं नाव लिहून टाकायचं, अशी त्यांची पद्धत. आयुष्यभर दुसऱ्यांची घड्याळं बरोबर लावली, पण गुन्हेगार एकदाही बरोबर ओळखता आला नाही. माझ्या चाळिसाव्या पानावर त्यांनी लिहिलंय: "पाववाला", आणि खाली दोन ठसठशीत रेघा. बिचारा पाववाला माझ्यात एकूण तीन वेळा येतो आणि तिन्ही वेळा पाव विकून जातो.

एके दिवशी एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईने मला घरी नेलं. घरात दोघीच, ती आणि तिची सासू. सासूने चाळीस वर्षं हॉस्पिटलच्या शिवणखात्यात चादरी आणि उशांचे अभ्रे शिवले होते, आणि त्यात दोन्ही डोळे घालवून बसली होती. उजेड आणि सावली एवढंच तिला कळायचं. तिला मी आजी म्हणेन. सून पहाटे कामावर जायची, दुपारी परत यायची, आणि चार वाजता चहा झाला की मला उघडून आजीला एक प्रकरण वाचून दाखवायची.

टेबलाला तीन खुर्च्या होत्या. तिसरीवर कोणी बसत नसे आणि तिच्यावर कधी काही ठेवतही नसत. आजीचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, ॲम्ब्युलन्स चालवायचा. अकरा महिन्यांपूर्वी चार दिवसांच्या तापात गेला. जन्मभर लोकांना वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्या त्या माणसाने स्वतः मात्र "साधा ताप आहे, उतरेल" म्हणत दोन दिवस काढले. सुनेने तिसऱ्या दिवशी त्याला नेलं. लोक भेटायला आले आणि "देवाची इच्छा" म्हणून चहा पिऊन गेले. दोघींनी मान डोलावली आणि त्यानंतर त्या घरात त्याचं नाव कोणी घेतलं नाही. आजी रविवारी चर्चला जायची, पण प्रार्थनेच्या वेळी तिचे ओठ मिटलेले असायचे. सुनेला ते दिसायचं. विचारायची मात्र तिची छाती होत नव्हती.

पण माझ्याबद्दल त्या बोलायच्या. किती बोलायच्या!

"घड्याळवाल्याने काय लिहिलंय गं?"

"पाववाला. दोन रेघा मारल्यात खाली."

"मग पाववाला सुटला म्हणायचा. वाच पुढे."

आजी सगळ्यांवर संशय घ्यायची, अगदी पाळकांवरसुद्धा. नायक चार वाक्यं बोलला की म्हणायची, "आज फार बडबडला, तब्येत बरी आहे ना त्याची?" सून हसायची. त्या हसण्यासाठीच आजी तसं बोलायची, हे मला कळत होतं. प्रकरण संपलं की आजी हात पुढे करून मला बंद करायची, "आता उद्या." कसलेल्या वाचकाची हीच खूण असते, भूक राखून उठायचं. त्या अर्ध्या तासात त्या घरात पूल होता, पाऊस होता, धोका होता, आणि दोन बायका एकाच बाजूला बसलेल्या होत्या. मी जन्मले ती याचसाठी.

मग ते पान आलं.

सुनेने त्या दिवशी तीनशे चादरींना इस्त्री केली होती. डोळे मिटत होते तिचे. दोनशे अकरा वाचलं, पान जाड लागलं तरी लक्ष गेलं नाही, उलटलं आणि दोनशे चौदा सुरू केलं.

"थांब," आजी म्हणाली. "हिला कसं कळलं नाव?"

"कळलं असेल. पुढे येईल."

"आत्ता तर रडत होती. मधलं कुठंय?"

"जे आहे ते वाचतेय, आई."

"गाळलंस तू." आजीचा आवाज एकदम थंड झाला. "कंटाळा आला म्हणून गाळलंस. आंधळीला काय कळतंय!"

सुनेने पुन्हा पान बघितलं, पण डोळ्यांत पाणी आलेलं असताना काय दिसणार? "नाही हो गाळलं," एवढंच म्हणाली. आणि मग आजी ते बोलली, जे अकरा महिने तिच्या पोटात होतं. "तुझी सवयच आहे ती. जिथे घाई करायची तिथे उशीर, आणि जिथे थांबायचं तिथे घाई."

कोणाबद्दल बोलली ते दोघींना कळलं. मलाही कळलं. सुनेने मला बंद केलं, कपबशा उचलल्या आणि आत जाऊन नळ सोडला. मी टेबलावर पडून होते, आणि माझ्या आत ती दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटून बसली होती. मला तोंड असतं तर मी ओरडले असते की तिने गाळलेलं नाही, झाकलंय ते दुसऱ्याच कोणीतरी!

दोन दिवस घरात अक्षर बोललं गेलं नाही. आजीने लेकीला फोन केला. शनिवारी लेक येऊन तिला कायमची घेऊन जाणार असं ठरलं. बॅग भरली, चष्म्याची रिकामी डबीसुद्धा त्यात गेली. सून म्हणाली, "बरं." या घरात एकटं कसं राहायचं हे तिने कोणाला विचारायचं?

शुक्रवारी चार वाजता, सवयीने, तिने मला परत करायला म्हणून उचललं. त्याआधी पानांचे आकडे बघितले. दोनशे अकरा. दोनशे चौदा. तिने पान चिमटीत धरलं आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती तडक आजीसमोर गेली आणि मला तिच्या मांडीवर आपटलं.

"बघा."

"मी काय बघणार?"

"हाताने बघा. चाळीस वर्षं शिवण केलीत ना? हे पान बघा आणि हे शेजारचं बघा."

आजीने अंगठा आणि तर्जनी माझ्या कडेवरून फिरवली. एक पान सोडलं, दुसरं धरलं, पुन्हा पहिलं. चादरीची दुमड तपासताना फिरायची तशीच ती बोटं होती.

"दोन पदर आहेत," ती हळू म्हणाली. "मधे गोंद आहे. कडेला ओघळलाय." मग जरा वेळाने, "कुणा अडाण्याचं काम आहे हे?"

"ते नंतर बघू. मी उघडते."

आता सुनेचं कसब बघा. इस्त्री रेशमाच्या आकड्यावर ठेवली, पातळ फडकं पिळून माझ्या पानावर पसरलं आणि वाफ दिली. पंधरा मोजले, उचललं, कडेत बोथट सुरी सरकवली, पुन्हा वाफ. मला चटके बसत होते, पण हू की चू केलं नाही. शिक्केबाईंचा गोंद मात्र चिवट होता. पानं सुटली, पण दोनशे तेराच्या मधल्या सात ओळी गोंदाबरोबर सोलून निघाल्या.

"वाच," आजी म्हणाली.

सुनेने वाचलं. भाऊ ज्या पुलावरून पडून बुडाला त्याच पुलावर नायिका उभी आहे. नायक तिच्या अंगावर कोट टाकतो आणि दहा पावलं मागे जाऊन पाठ करून उभा राहतो, तिला एकटीला बोलता यावं म्हणून. ती वर बघून बोलते:

"कुठे होतास तू? मी रोज तुझ्याशी बोलते. एक दिवस तू माझ्याशी बोलला असतास तर? आज त्याला पुलावर जाऊ देऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं. लोक म्हणतात ही तुझी इच्छा. असेल. मला तुझी ही इच्छा आवडलेली नाही. ऐकतोयस ना? आवडलेली नाही. आता मला समजावू नकोस. इथे बस आणि ऐकून घे. मी तुला सोडून कुठे जाणार नाही, पण आज मी तुझ्याशी गोड बोलणार नाही."

सुनेने सोललेल्या जागेवर बोट ठेवलं. "इथे पान फाटलंय, आई. पुढच्या ओळी गेल्या."

"जाऊ देत," आजी म्हणाली. "पुढचं मला येतं."

आणि तिने मान वर केली. "माझं पोर चार दिवसांत नेलंस," ती म्हणाली. "मला उचललं असतंस तर तुझं काय बिघडलं असतं? बिनकामाची बसलेय मी इथे. रात्रीअपरात्री दुसऱ्यांची पोरं वाचवायला पळायचा तो. तुला दिसत नव्हतं? माझे डोळे गेलेत, तुझे नाही ना गेले? आणि ही पोरगी. हिचा काही दोष नाही, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तू हाताला लागत नाहीस म्हणून मी हिच्यावर राग काढला. तेवढं तुझ्या नावावर नाही. ते माझं."

एवढं बोलून आजी थांबली. सून तिसऱ्या खुर्चीकडे बघत होती. मग सूनच अगदी कडक आवाजात म्हणाली, "आमेन."

त्यानंतर फाटलेल्या जागेखालची शेवटची चार वाक्यं तिने वाचली. नायिका डोळे पुसून खाली बघते आणि तिला ती वस्तू दिसते, जिच्यावरून गुन्हेगार कळतो. काय दिसतं ते सांगणार नाही म्हटलं ना? आजी मात्र टाळी वाजवून म्हणाली, "बघ! मी पहिल्यापासून म्हणत होते!" ती पहिल्यापासून पाळक म्हणत होती. पण कोण बोलणार?

शनिवारी लेक आली. चहा पिऊन एकटीच परत गेली.

सोमवारी सून मला घेऊन वाचनालयात गेली. शिक्केबाईंसमोर मला उघडं ठेवलं आणि म्हणाली, "बाई, लोकांना वाटतंय तुम्ही इथे चुंबन झाकलंत."

"चुंबन?" बाई दचकल्या. "ते शेवटी आहे. लग्नानंतरचं. त्याला माझी कशाला हरकत असेल?"

"मग हे का चिकटवलंत?"

"देवाशी असं बोलतात का? वाचून कोणाचा विश्वास उडाला तर?"

"माझ्या सासूने अकरा महिने प्रार्थना केली नव्हती," सून म्हणाली. "परवा केली. हे वाचून."

शिक्केबाईंनी माझ्या फाटलेल्या पानावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी खण उघडला, चष्मा लावला, आणि फाटलेलं पुस्तक वाचनालयात ठेवायचं नाही या नियमाप्रमाणे माझ्या कपाळावर शिक्का मारला: "बाद". जांभळ्या शाईत. मग मला सुनेच्या हातात देत खाली बघून म्हणाल्या, "घेऊन जा. आता ते तुमचंच."

तर मी बाद आहे. हल्ली तिसऱ्या खुर्चीवर असते, बसायची गादी आहे तिच्यावर आता. त्या दोघींचं दुसरं पुस्तक चालू आहे, रहस्याचंच, आणि चाळिसाव्या पानावर घड्याळवाल्या काकांनी पुन्हा भलत्याच माणसाला पकडलंय. माझ्या सोललेल्या जागेवर सुनेने बारीक पेन्सिलीने आजीचे शब्द लिहून ठेवलेत. म्हणजे माझ्यात आता सात ओळी अशा आहेत, ज्या माझ्या लेखिकेच्या नाहीत. तिची हरकत नसेल असं वाटतं.

तुम्हाला एकच सांगणं आहे. आमच्यासारख्या पुस्तकांत घाण नसते, हे खरं. पण म्हणून आमच्यात राग नसतो, रडणं नसतं, देवाची कॉलर धरणं नसतं असं समजू नका. ते पुसून आम्हाला अजून स्वच्छ करायला जाऊ नका. कुठलं पान कोणाच्या उपयोगाचं आहे ते ब्रश हातात धरणाऱ्याला कळत नाही. आधी नीट वाचा. आणि दुसऱ्याला वाचू द्या.

शिक्केबाईंना मी माफ केलं का, असं आजीने परवा माझ्यावर हात ठेवून विचारलं. अजून नाही. करायचं असतं, मला माहीत आहे. माझ्या नायिकेनेही शेवटी करायचं तेच केलंय, दोनशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर, आणि ते खरंच सुंदर आहे. पण मी अजून दोनशे बाराव्या पानावर आहे.